एअरब्रशची सुई कितीची? माझा अनुभव

स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्याच्या प्रमाणात लहान प्रतिकृती, रंगवायला एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारं छोटं साधन) घ्यायचं ठरलं आणि गाडं सुईवर अडलं. ०.२, ०.३, ०.४, ०.५ मिलिमीटर. हा आकडा नोझलच्या, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या टोकाच्या, तोंडाचा. सुई आणि नोझल जोडीनंच घ्यावं लागतं, एकाच्या नोझलात दुसऱ्याची सुई घातली की रंग गळत राहतो.

माझी विमानं १/७२ ची, म्हणजे लांबीला खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी. या स्केलला मिग-२१ साधारण २० सेंटिमीटर भरतं. एवढंसं विमान म्हटल्यावर जो तो सांगायचा, ०.२ घे, रेघ बारीक येईल.

अक्कलकोट रोडच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांना स्प्रे मारणारे मिस्त्री ओळखीचे आहेत. त्यांना सहज विचारलं. ते म्हणाले, "वस्तू केवढी ते सोड. रंग कसला मारणार ते सांग आधी. आम्ही गाडीला १.४ वापरतो, प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या थराला, त्याहून मोठं. घट्ट रंगाला मोठं तोंड लागतंच की."

मग मी माझ्या रंगांकडे बघितलं. बहुतेक बाटल्या पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकच्या. असा रंग झटपट वाळतो, आणि आपल्या सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे चाळिशीपार पारा नि कोरडी हवा. मित्राचा ०.२ चा एअरब्रश आणून गच्चीवर प्लॅस्टिकच्या चमच्यांवर मारून बघितला. (घरात थिनरचा वास कुणाला चालत नाही.) सकाळी रेघ सुरेख येत होती. दुपारी मात्र थोड्याच वेळात सुईच्या टोकावर खसखशीएवढा वाळका कण धरायचा, फवारा तिरका जायचा आणि मधूनच थेंब थुंकायचा. थिनरमध्ये भिजवलेल्या कापसानं टोक पुसलं की पुन्हा सुरळीत, पण किती वेळा पुसणार? त्यात हे टोक फार नाजूक. पुसताना वाकलं तर रेघ कायमची एका बाजूला सरकते.

०.३ वर तोच रंग, तीच दुपार. कण इथेही धरतो, पण तोंड मोठं असल्यानं लगेच अडत नाही. आणि रेघ? रंग पुरेसा पातळ केला, दाब १२-१५ पीएसआयवर आणला आणि पृष्ठभागाच्या अगदी जवळ धरला, तर पॅनेल लाइनीची (विमानाच्या पत्र्यांच्या जोडरेघांची) छटा ०.३ नंही छान येते. रेघेची जाडी सुईपेक्षा बोटाच्या दाबावर जास्त ठरते, असं माझं मत झालंय. रंग किती पातळ, तर एअरब्रशवरच्या रंगाच्या कपाच्या आतल्या कडेला लावल्यावर सरसर खाली उतरावा आणि मागे झिरझिरीत थर राहावा इतका.

शेवटी घेतला ०.३ चाच, डबल ॲक्शन (एकाच खटक्यानं हवा आणि रंग दोन्ही आवरता येणारा), वर कप असलेला. प्रायमरसाठी स्प्रे कॅन वापरतो. एअरब्रशनंच पॉलीयुरेथेन प्रायमर मारायचा असेल तर ०.४-०.५ शिवाय नादी लागू नये. चंदेरी रंगातले कण जाड असतील तरी तेच.

ज्यांना जर्मन विमानांवरचे बारीक ठिपके १/७२ मध्ये हातानं उठवायचे असतील, त्यांनी ०.२ जरूर घ्यावी. फक्त रंगात रिटार्डरचे (रंग उशिरा वाळावा म्हणून घालतात त्या द्रवाचे) दोन थेंब घालावेत आणि उन्हाळ्यात काम सकाळी नऊच्या आत उरकावं.