क्रमिका, रिकर्शन आणि मागच्या पदांवरचा भरवसा

प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलेल्या माणसाने अगदी सुरुवातीलाच क्रमिका, म्हणजे एका नियमाने एकामागून एक येणाऱ्या संख्यांची रांग, मोजणारा एखादा प्रोग्रॅम लिहावा, असं माझं ठाम मत आहे. क्रमिकेचा नियम एका ओळीत मावतो. पहिली दहा-बारा पदं कागदावर काढता येतात, त्यामुळे प्रोग्रॅमचं उत्तर बरोबर आहे का हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही. आणि एवढ्याशा नियमात संगणकाच्या बऱ्याच खोड्या भेटतात. मी शाळेत गणित शिकवते. भाची कॉलेजात आहे, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकते आहे. "मावशी, सोपं पण खरं काहीतरी सांग," असं तिने म्हटल्यावर मी तिला फिबोनाची क्रमिका दिली नाही. ती सगळीकडे तयार मिळते, बघून उतरवण्याचा मोह होतो. मी तिला नारायण पंडितांचं गायींचं गणित दिलं.

त्यांचा 'गणितकौमुदी' हा गणिताचा ग्रंथ १३५६ सालचा. त्यातलं हे गणित असं: एक गाय दरवर्षी एक कालवड देते. ती कालवड चौथ्या वर्षापासून स्वतः दरवर्षी एक कालवड देऊ लागते. २० वर्षांनी एकूण किती?

इथे आधी नियम सापडायला हवा, आणि माझ्या मते खरं काम तेच आहे. या वर्षी गोठ्यात कोण असेल? गेल्या वर्षी होत्या त्या सगळ्या, शिवाय या वर्षी जन्मलेल्या. या वर्षी जन्म देणाऱ्या कोण? ज्या तीन वर्षांपूर्वी गोठ्यात होत्या त्या सगळ्या, कारण त्यांतली सगळ्यात लहानसुद्धा आता वयात आलेली आहे. म्हणजे यंदाची संख्या = गेल्या वर्षीची + तीन वर्षांपूर्वीची. सुरुवातीला तीन वेळा १ धरायचा आणि पुढे बेरजा करत जायचं: १, १, १, २, ३, ४, ६, ९, १३, १९, २८, ४१...

प्रोग्रॅम चार ओळींचा होतो. एक लिस्ट घ्या, तिच्यात तीन एक ठेवा. २० वेळा फिरणारा लूप लावा. प्रत्येक फेरीत लिस्टचं शेवटचं पद आणि शेवटून तिसरं पद यांची बेरीज लिस्टच्या शेवटी जोडा. लूप संपला की शेवटचं पद छापा. उत्तर येतं २७४५. हे हातानेही करता येतं आणि एकदा करावंच. २० तर बेरजा आहेत.

भाचीने मात्र लूप लावला नाही. तिला नुकतंच रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं, शिकवलं होतं, म्हणून तिने नियम जसाच्या तसा फंक्शनमध्ये उतरवला: गाय(क्रमांक) विचारलं तर गाय(क्रमांक − १) अधिक गाय(क्रमांक − ३) परत दे, आणि क्रमांक पहिल्या तिनांतला असेल तर सरळ १ दे. हे वाचायला फार सुंदर दिसतं. गणितातली व्याख्या आणि प्रोग्रॅम यांत काही अंतरच उरत नाही. तो चाललाही, २७४५ आलं. मग तिने उत्साहाने क्रमांक वाढवत नेला आणि शंभराच्या बऱ्याच आधी तो जागचा हलेना.

हे का होतं ते कागदावर बघण्यासारखं आहे, आणि त्यासाठी मात्र फिबोनाचीच बरी, कारण तिचं झाड आटोपशीर येतं. नियम माहीत आहेच: फ(०) = ०, फ(१) = १, पुढचं प्रत्येक पद आधीच्या दोघांची बेरीज. आता फ(५) विचारा. ते फ(४) आणि फ(३) ला विचारतं. फ(४) पुन्हा फ(३) ला विचारतं, म्हणजे फ(३) चं सगळं गणित दोनदा होतं. फ(२) तीनदा, फ(१) पाचदा, फ(०) तीनदा. एकूण १५ वेळा फंक्शन कॉल होतो, म्हणजे त्याला हाक मारली जाते, तेही ५ हे उत्तर काढायला.

मी भाचीला विचारलं, "फिबोनाचीच्या या फंक्शनला मुळात कोणते आकडे माहीत आहेत?" शून्य आणि एक, एवढेच. बाकी जे काही येतं ते या एकांच्या बेरजेतून. फ(३०) म्हणजे ८,३२,०४०. एवढं उत्तर निव्वळ एक-एक मिळवून तयार व्हायचं असेल, तर फ(१) ला किमान ८,३२,०४० वेळा हाक मारावीच लागणार. प्रत्यक्षात एकूण कॉल होतात २६,९२,५३७. फ(४०) साठी ३३,११,६०,२८१. संगणक मंद नाही, त्याला आपण फ(४०) च्या उत्तरापर्यंत, म्हणजे १०,२३,३४,१५५ पर्यंत, एकएक करून मोजायला लावलं आहे.

कॉल मोजण्याचा नियमही रिकर्सिव्हच आहे, हे मला विशेष आवडतं: फ(५) चे कॉल = १ + फ(४) चे कॉल + फ(३) चे कॉल. तोच साचा. प्रोग्रॅमचा खर्च ही स्वतःच एक क्रमिका असते.

उपाय सोपा: एकदा काढलेलं उत्तर लिहून ठेवायचं. फंक्शनच्या सुरुवातीला तपासायचं, की हे आधी काढलं आहे का. असेल तर तेच परत द्यायचं. मग फ(३०) साठी फक्त ३१ वेगवेगळे प्रश्न उरतात. पायथनमध्ये ही सोय तयार मिळते, फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की झालं. तरीही पहिल्यांदा उत्तरांची ती वही स्वतःच्या हाताने, डिक्शनरी (क्रमांक आणि त्याचं उत्तर अशा जोड्या ठेवणारी पायथनची सोय) वापरून लिहावी. आतलं काम तेव्हाच कळतं.

याने वेळ वाचतो, पण कॉल एकात एक किती खोल अडकतात ते कमी होत नाही. फ(५०००) एकदम विचारलं तर पायथन चिडतो, कारण एकात एक अडकलेल्या कॉलची त्याची मर्यादा मुळात १००० ठेवलेली असते. ही मर्यादा वाढवता येते, पण मला ते पटत नाही. खालून वर चला: ० आणि १ पासून सुरू करा, दोनच आकडे हातात ठेवा, पुढे सरकत राहा. लिस्टही लागत नाही.

मग रिकर्शन शिकायचंच कशाला, असं भाचीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की रिकर्शन प्रोग्रॅम चालवण्याआधी नियम शोधण्यासाठी लागतं. फिबोनाचीने १२०२ मध्ये सशांचं गणित मांडलं, पण हेच आकडे आपल्याकडे छंदशास्त्रात त्याच्या आधी आले. विरहांक या छंदशास्त्रकाराने ते दिले आणि हेमचंद्रांनी ११५० च्या सुमारास स्पष्ट मांडले. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. अमुक इतक्या मात्रांची ओळ लघू-गुरूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांनी भरता येईल? उत्तर शोधताना फक्त शेवटचं अक्षर बघायचं. ते लघू असेल तर त्याच्याआधी एक मात्रा कमी असलेली ओळ आहे, गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली. दोन्हींची बेरीज केली की झालं. 'शेवटची पायरी कोणती होती?' हा एक प्रश्न नीट विचारता आला तर रिकर्शन आलं, असं मी समजते. मोजायचं लूपने की फंक्शनने, ते नंतर ठरवता येतं.

आकड्यांच्या आकाराबद्दल थोडक्यात. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा होऊ शकतो. फ(१००) म्हणजे ३५४२२४८४८१७९२६१९१५०७५, हे एकवीस अंक तो बिनचूक देतो. जावा या भाषेतल्या साध्या ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये, म्हणजे ठरावीक जागेत बसवलेल्या पूर्णांकात, मात्र फ(४६) हे शेवटचं बरोबर पद. फ(४७) ऐवजी −१,३२,३७,५२,२२३ असं ऋण उत्तर समोर येतं, आणि प्रोग्रॅम कुठलीही तक्रार न करता पुढे चालू राहतो. ६४ बिट घेतले तर फ(९२) पर्यंत निभावतं. जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या नंबरमध्ये फ(७८) नंतर पूर्णांकांची खात्री देता येत नाही, आणि तिथे उत्तर ऋणही होत नसल्यामुळे शंकासुद्धा येत नाही.

आता ज्या क्रमिकेसाठी मी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडे येते. ती फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ जाँ-मिशेल म्युलर यांच्या नावाने ओळखली जाते. पहिली दोन पदं ४ आणि ४.२५. पुढचा नियम: नवं पद = १०८ − (८१५ − १५०० ÷ आधीच्याआधीचं पद) ÷ आधीचं पद. लिहायला गायींइतकीच सोपी. पहिलं नवं पद हाताने काढून बघा: १५०० ÷ ४ = ३७५, ८१५ − ३७५ = ४४०, ४४० ÷ ४.२५ = १०३.५२९४, आणि १०८ मधून ते वजा केलं की ४.४७०६.

हाच नियम साध्या दशांश आकड्यांनी, म्हणजे फ्लोटने, चालवला. पदं येतात ४.६४४७, ४.७७०५, ४.८५५७... हळूहळू ५ कडे सरकतात. सुरुवातीच्या ४ ला शून्यावं पद धरलं तर दहावं ४.९८७९ आणि अकरावं ४.९९१४. सगळं सुरळीत. बारावं ४.९६७५, म्हणजे किंचित मागे. तेरावं ४.४२९७. चौदावं −७.८१७२. पंधरावं १६८.९३९२. सोळावं १०२.०४००, सतरावं १००.०९९९, आणि पुढे क्रमिका १०० वर जाऊन स्थिर बसते. कितीही पुढे गेलात तरी १००.

खरं उत्तर ५ आहे. तेरावं पद खरं तर ४.९९७४ यायला हवं. प्रोग्रॅममध्ये कुठेही चूक नाही, नियम अक्षरशः बरोबर उतरवलेला आहे.

कारण असं. या नियमाच्या पोटात तीन संख्या दडलेल्या आहेत: ३, ५ आणि १००. त्यांची बेरीज १०८, गुणाकार १५००, आणि दोन-दोनांच्या गुणाकारांची बेरीज ८१५, म्हणजे नियमातले तिन्ही आकडे यांच्यातूनच आलेले. क्रमिकेचं प्रत्येक पद या तिघांच्या घातांच्या मिश्रणातून तयार होतं. ४ आणि ४.२५ ही सुरुवात अशी निवडलेली आहे की मिश्रणात १०० चा वाटा बरोबर शून्य राहावा. ३ आणि ५ उरतात, त्यांत ५ वरचढ ठरतो, म्हणून पदं ५ कडे जातात. ४ आणि ४.२५ संगणकात अचूक मावतात. पण ४.४७०६ हे खरं ७६/१७ आहे, आणि ते मावत नाही. सोळाव्या-सतराव्या अंकाशी कुठेतरी छाटलं जातं. त्या छाटणीत १०० चा वाटा शून्य न राहता अगदी कणभर होतो. हा कण ५ च्या तुलनेत दर पायरीला २० पटींनी वाढतो. बारा वेळा २० घेऊन गुणाकार केला की साधारण ४ वर १५ शून्यं येतात. सोळाव्या अंकातली चूक बारा-तेरा पायऱ्यांत पहिल्या अंकापर्यंत पोचते, आणि वरच्या पदांतही बरोबर तिथेच घसरण सुरू झालेली दिसते.

भाचीने दशांशांच्या जागी अपूर्णांक घेतले. पायथनमध्ये अंश-छेद जसेच्या तसे जपणारा प्रकार आहे. आता पदं ७६/१७, ३५३/७६ अशी येत गेली, आणि क्रमिका न डगमगता ५ कडे गेली. फरक दोन ओळींचा. ते दोन्ही तक्ते शेजारी छापून मी वर्गात नेणार आहे. वीस पदांपर्यंतच ठेवायचे, म्हणजे मुलांना घसरणीची जागा स्वतः शोधता येईल.

यामुळेच मला क्रमिकेचा प्रोग्रॅम इतर उदाहरणांपेक्षा मोलाचा वाटतो. प्रत्येक पद मागच्या पदांच्या शब्दावर उभं असतं. मागे कणभर काही राहिलं तर ते तिथेच थांबत नाही. म्हणून पदं दोन वेगळ्या वाटांनी काढून पडताळावीत, असं मी आग्रहाने सांगते. पूर्णांकांच्या क्रमिकांसाठी नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवलेला कोश आता इंटरनेटवर खुला आहे. तुमची पहिली सात-आठ पदं तिथे टाकली की क्रमिका ओळखीची असेल तर नावानिशी समोर येते. नारायण पंडितांच्या गायी तिथे ए०००९३० या क्रमांकावर आहेत.

भाची सध्या डग्लस हॉफस्टॅटर यांच्या क्यू क्रमिकेच्या मागे आहे. हिच्यात मागची पदं नुसती मिळवायची नसतात. किती मागे जायचं हेच मागची दोन पदं सांगतात. सुरुवात १, १. पुढचं पद काढताना त्या नव्या पदाच्या जागेपासून शेवटचं पद जेवढं असेल तेवढी घरं मागे जा, मग त्याच जागेपासून त्याच्या आधीचं पद जेवढं असेल तेवढी घरं मागे जा, आणि त्या दोन जागांवरच्या पदांची बेरीज घ्या. १, १, २, ३, ३, ४, ५, ५, ६, ६, ६, ८, ८, ८, १०, ९... दहानंतर नऊ! कमी-जास्त होत, हेलकावे खात ही पुढे जाते. एखादं पद इतकं मोठं निघालं की तेवढं मागे जायला जागाच नाही, तर क्रमिका तिथे संपेल. असं कधी होणारच नाही, हे अजून कुणीही सिद्ध केलेलं नाही.

म्हणून तिच्या प्रोग्रॅममध्ये एक जादा अट घालायला लावली आहे: मागे जाऊन जिथे पोचायचं तो क्रमांक एकपेक्षा लहान झाला तर थांब आणि तो क्रमांक छाप. पायथनमध्ये ही अट विसरून चालत नाही, कारण ऋण क्रमांक दिला की तो लिस्टच्या शेवटून मोजायला लागतो आणि काहीतरी उत्तर देऊन मोकळा होतो.