जुना खांब, नवी छत्री

घरामागच्या सांदवाडीतला लोखंडी पाइप बाबांनी कधीकाळी सिमेंटात गाडलेला. त्यावरची टीव्हीची छत्री गंजून चाळणी झाली, म्हणून आज दारव्ह्याहून नवी आणली. म्हटलं, खांब तर उभाच आहे, चार नट आवळले की झालं. अख्खी दुपार गेली!

आधी क्लॅम्पच ढिला. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन वेढे घातले, तेव्हा पकडला. मग ओळंबा लावून पाहिला तर खांब चांगला दोन बोटं कललेला. (गोऱ्हा बांधत होतो ना त्याला!) खांब तिरपा असला की छत्री बाजूला फिरवताना तिचा वर-खालचा कोनही बदलतो, मग कितीही फिरवा, सिग्नल काही सापडत नाही. बुडाशी उकरलं, दगडाची पाचर ठोकली, खांब सरळ केला.

फ्री डिशचा (दूरदर्शनची फुकटची सेवा) उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, साधारण ६० अंश वर. नेमकी तिकडेच कडुनिंबाची फांदी. तीही छाटली.

पुढे नेहमीचंच. मी स्टुलावर, पुतण्या टीव्हीसमोर, मधात दारात माय.
"आलं का रे?"
"नाई आलं म्हन्ते!"
"आता?"
"आलं, आलं... गेलं!"

३६,००० किलोमीटरवरचा उपग्रह, अन् इथे नखभर सरकलं की टीव्हीवरची सिग्नल क्वालिटीची पट्टी शून्यावर. शेवटी पट्टी हिरवी झाली तशी माय ओरडली, "आता हात नोको लावू बापा त्याले!"

एक नट आवळायचा राहिलाच आहे. माय झोपली की आवळतो.