पोर धडधाकट आहे तेव्हाच कार्ड काढा

दापोली तालुक्यात एका बंदराच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. दाखले, सातबारा, रेशनची ऑनलाइन कामं, लाइटबिलं, आणि हल्ली सगळ्यात जास्त आयुष्मान कार्डं, म्हणजे सरकारी योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंत हॉस्पिटलचे उपचार फुकट मिळायचं कार्ड. कार्डासाठी लोक येतात ते म्हाताऱ्यांना घेऊन, कुणाचा गुडघा, कुणाचं हार्ट, कुणाचं डायलिसिस. सोबत नातवंडं असतात, ती खुर्चीवर चढून पंख्याची बटणं दाबत असतात आणि मी विचारते की ह्यांचं काढलंत का कार्ड, तर आईबाप माझ्याकडे बघतात जणू मी काहीतरी वाईटसाईट बोलले. "वैनी, पोरास काय धाड भरलेय? चांगलं हुंदडतंय की." एका आजीने तर तिथल्या तिथे नातवाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मी हे हसण्यावारी नेत नाही. लहान पोराच्या नावाने आजारपणाचं कार्ड काढणं म्हणजे आजारपणाला बोलावणं धाडणं असं पुष्कळांना मनापासून वाटतं आणि त्यामागे मायाच असते. मग मी एवढंच विचारते, की बीसीजी टोचलीत ना, पोलिओचे डोस पाजलेत ना, तेव्हा पोर आजारी होतं का? ह्यावर बहुतेक आया गप्प होतात आणि पिशवीतून आधार काढतात. बापांना जरा जास्त बोलावं लागतं.

बापांचं म्हणणं वेगळं असतं. पाच लाख आहेत ते आईबाबांसाठी राहू देत, पोरांची नावं कशाला वाटेकरी म्हणून घालायची. अहो, पाच लाख हे अख्ख्या कुटुंबाला वर्षाला मिळून असतात, नाव घातलं म्हणून काही कमी होत नाही, कोण अ‍ॅडमिट झालं तरच त्यातून जातात आणि नवीन वर्षाला परत पूर्ण मिळतात. आणि हप्ता तुम्हाला भरायचा नाही, खर्च शासनाचा. दुसरं, ही योजना आमच्यासाठी नाही, आमचं रेशनकार्ड पांढरं, असं म्हणणारे अजून आहेत. त्याचं कारण असं की योजना जुनी आहे आणि लोकांच्या डोक्यात जुनेच नियम बसलेत. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्याकडचा रायगड पहिल्याच फेरीत होता, रत्नागिरी सिंधुदुर्ग २०१३ च्या नोव्हेंबरात आले. तेव्हा दीड लाख आणि पिवळं-केशरी असा हिशोब होता. २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली, आता दोन्ही जोडून चालतात. आणि २०२३ च्या जुलैत शासनाने निर्णय केला की ५ लाखांपर्यंत आणि सगळ्या रेशनकार्डवाल्यांना, म्हणजे पांढरंसुद्धा. आमच्याकडे अजून सगळे जीवनदायीच म्हणतात, म्हणू देत, पण नियम आत्ताचे धरा.

पोरांच्या बाबतीत खरी अडचण कार्डाची नसतेच, ती रेशनकार्डाची असते, त्यावर पोराचं नाव नसेल तर आयुष्मानचं कार्ड अडतं. आपल्या कोकणात तर फारच. नवरा मुंबईला, बायको गावी सासऱ्यांकडे, लग्न होऊन आठ-दहा वर्षं झाली तरी बाईचं नाव माहेरच्या कार्डावरच, तिकडून कमी केलं नाही म्हणून इकडे चढलं नाही, नवऱ्याचं नाव कधी मुंबईच्या कार्डावर तर कधी गावच्या, आणि पोरं कुठल्याच कार्डावर नाहीत. धान्याला काही अडत नाही म्हणून कुणी बघतही नाही. नाव वाढवायला नमुना ८ चा अर्ज, कमी करायला नमुना ९ चा, सोबत पोराचा जन्मदाखला आणि आधार, आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत खेप. जन्मदाखल्यावर नुसतं "मुलगा" लिहिलेलं असेल, नाव घातलेलं नसेल, तर आधी ग्रामपंचायतीत किंवा जिथे जन्माची नोंद असेल तिथे जाऊन नाव घालून घ्या. एका दिवसात ह्यातलं काही होत नाही आणि माझं सगळं सांगणं एवढ्यासाठीच आहे.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वाडीतली एक पोरगी भाजली. मागच्या पडवीत चुलीवरून आंघोळीच्या पाण्याचा टोप उतरवून ठेवलेला, ही धावत आली ती त्याच्यावरच, मांडीपासून पावलापर्यंत कातडी सोलवटली. १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स आली, सरकारी दवाखान्यात मलमपट्टी झाली, तिथून मोठ्या हॉस्पिटलला न्यायला सांगितलं. भाजलेल्यांचे उपचार योजनेत बसतात, आणीबाणीत आधी दाखल करून घेऊन कागदांना थोडी सवडही देतात, पण पोरीचं नाव रेशनवरच नाही तर त्या सवडीत तहसीलला जाऊन नाव चढवणार कोण? बाप तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात बसलेला. शेवटी डिपॉझिट भरायला पोरीच्या आईच्या पाटल्या पतपेढीत गहाण गेल्या. पोरगी बरी झाली, आता शाळेत जाते, पण पाटल्या अजून पतपेढीतच आहेत आणि हे पैसे द्यायला लागायचं काही कारणच नव्हतं, ह्याचा मला आजही मनस्ताप होतो.

पोरांचं आजारपण म्हणजे सर्दीतापच असं नाही ना. आपल्याकडे विंचू आहे, फुरसं म्हणजे विषारी साप आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी तर अख्खं आयुष्य विंचूदंशावर घातलं, कोकणातली लहान मुलं त्याने दगावताना बघून. पावसात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) ताप असतो. जन्मतःच हृदयाला छिद्र असलेली पोरं असतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीची टीम येते तेव्हा कळतं. प्रायव्हेट पॉलिसीत आधीपासूनचा आजार म्हणून काही वर्षं थांबवतात, आयुष्मानमध्ये तसं नाही, पहिल्या दिवसापासून चालतं.

उगाच फुगवून सांगत नाही. ओपीडीला, साध्या तापाच्या गोळ्यांना हे कार्ड चालत नाही, अ‍ॅडमिट व्हावं लागतं आणि ते उपचार योजनेच्या यादीत असावे लागतात. हॉस्पिटलही यादीतलंच लागतं, आणि आपल्याकडून ते कधी कधी लांब पडतं. यादीतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा माणूस बसतो, आत गेल्यावर आधी त्याला गाठायचं. पैसे मागितले तर १५५३८८ ला फोन करायचा, आयुष्मानचा नंबर १४५५५. दोन्ही नंबर घरातल्या पंचांगावर लिहून ठेवा.

आणि ओटीपी. ह्यात अर्धा दिवस जातो. पोराच्या आधारला बापाचा नंबर, बाप ट्रॉलरवर, रेंज नाही. परवा एक बाई सकाळपासून बाकावर बसून होती, दर पाच मिनिटांनी फोन लावायची, स्विच ऑफ, शेवटी दुपारच्या एसटीने गेली, तिचा एक दिवसाचा रोज बुडाला तो बुडाला. पोराच्या आधारला आईचा नंबर जोडून घ्या, बाईच घरी असते, हॉस्पिटलातही तीच धावते. पाच वर्षांचं झालं की बोटांचे ठसे अपडेट करायचेत, तेव्हाच नंबरही बदलून टाका. आधारवर आणि रेशनवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना तेही बघा.

गणपतीला मुंबईकर येतीलच. येताना पोरांचे जन्मदाखले, दोघांची आधार, आणि मुंबईच्या कार्डावर नाव असेल तर ते रेशनकार्ड सोबत घेऊन या, आणि फोन चार्ज करून. गौरी जेवायच्या दिवशी बंद असेल, बाकी मी रात्री आरतीपर्यंत केंद्र उघडं ठेवणार आहे. आधी पोरांचं रेशनचं काम करून घेऊ, मग कार्डाचं.