खाडा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक कॅलेंडर टांगलेलं असतं. तारखा बघायला मोबाइल आहेत, हे खाडे लिहायला. दूध आलं नाही की त्या तारखेच्या चौकोनात खाली उजवीकडे फुली, भांड्याच्या मावशी आल्या नाहीत की खाली डावीकडे. (मावशींचे खाडे आम्ही कापत नाही, नुसते लिहितो. त्यातून काय समाधान मिळतं देव जाणे.) दूध आलं, मावशी आल्या, याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. जे रोज होतं त्याला शाई कशाला घालवायची? महिनाअखेरीला नवरा चष्मा कपाळावर चढवून फुल्या मोजतो, वजाबाकी करतो, आणि हिशेब चुकता.

याच कॅलेंडरवर चारेक वर्षं माझेही खाडे लागत होते, चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात. पर्वतीचे. पावणेसहाला घरातून निघायचं, १०३ पायऱ्या चढायच्या, देवदेवेश्वराला बाहेरूनच हात जोडायचे, खाली यायचं, पुन्हा वर. असं तीनदा. पर्वतीच्या पायऱ्या ज्यांनी चढल्यात त्यांना सांगायला नको, पण त्या जिन्यासारख्या नाहीत. उंचीला बेताच्या, रुंदीला ऐसपैस आणि पुढे किंचित उतरत्या. एका पायरीला एक पाऊल अपुरं पडतं आणि दोन जास्त होतात. हत्तीघोड्यांच्या सोयीने बांधल्यात असं लोक सांगतात, आणि हत्तीची चाल काही मला ठाऊक नाही, पण माझ्या दीड पावलाचा हिशेब बसायला दोन महिने गेले होते. एकदा बसल्यावर पाय आपसूक पडायला लागले. महिन्याला दोन, फार तर तीन फुल्या. त्या विरळ फुल्यांकडे बघून मी मनातल्या मनात फार खूश असायचे.

मग ऑगस्टमध्ये पाय मुरगळला. पर्वतीवर मुरगळला असता तर चारचौघांत सांगायला तरी बरं. मुरगळला आमच्याच सोसायटीच्या जिन्यात, शेवटच्या पायरीवर, हातात कोथिंबिरीची जुडी असताना. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. ते सहा आठवडे डॉक्टरांचे. पुढचे सात-साडेसात महिने सगळे माझे. नवरात्र होऊ दे, दिवाळी होऊ दे, ही थंडी जरा ओसरू दे, मुलीची बारावी होऊ दे. पहिल्या दिवशीच्या खाड्याला कारण लागतं, नंतर तो मुरगळलेल्या पायासकट स्वतःच्या पायावर उभा राहतो. ऑक्टोबरच्या पानावर मी इमानाने एकतीस फुल्या मारल्या आणि नोव्हेंबरपासून पेन उचललंच नाही. पर्वतीला न जाणं ही आता रोजची गोष्ट झाली होती. तिला शाई कशाला घालवायची? जानेवारीत नवं कॅलेंडर आलं, त्याचा वरचा कोपरा कोराच राहिला.

आमच्या गॅलरीतून पर्वतीचं शिखर दिसतं, हा आणखी एक त्रास. १८१७ साली खडकीची लढाई झाली ती दुसऱ्या बाजीरावाने म्हणे पर्वतीवरून पाहिली. मी नऊ महिने त्याच्या उलट केलं. इकडे खुर्चीत बसून, चहात खारी बुडवत, पर्वती पाहिली. लढाई कुठलीही असो, लांबून बघणाऱ्याला आपण काहीतरी करतोय असं वाटत राहतं खरं.

मध्ये एकदा घरच्या घरी सूर्यनमस्कार घालून पाहिले. शाळेत आम्ही बारा नावं घेऊन बारा नमस्कार घालायचो, मित्राय नमःपासून भास्कराय नमःपर्यंत. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून नमस्कारांचं जे वेड लावलं, ते झिरपत झिरपत आमच्या पीटीच्या तासापर्यंत आलेलं असणार. मित्राय, रवये, सूर्याय, भानवे, खगाय... सहाव्याला, पूष्णे नमः म्हणून जी पालथी पडले ती तिथेच. सतरंजीला फोडणीचा वास येत होता. सूर्याची अर्धी नावं अजून बाकी होती. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी त्या शिट्टीचे मनापासून आभार मानले.

खरं सांगायचं तर पाय केव्हाच बरा झाला होता. अडत होतं दुसरंच. वर देवळाच्या आवारात, शहर दिसतं त्या बाजूच्या कठड्याशी, एक काका बसायचे. सत्तरीच्या पुढचे, गळ्यात घडी केलेला नॅपकिन, हातात जपमाळेसारखी किल्ल्यांची जुडी. मी तिसऱ्यांदा वर पोचले की ते नुसती तीन बोटं दाखवायचे. मी मान हलवायचे. चार वर्षांची ओळख ती एवढीच. नावही माहीत नाही. ते आता एकच बोट दाखवतील, किंवा वाईट म्हणजे काही दाखवणारच नाहीत, नुसतं विचारतील, ‘इतके दिवस दिसला नाहीत?’ या एका प्रश्नाच्या धाकाने मी अख्खा मार्च घरात काढला. सवय सुटलेल्या माणसाला परत जायचं असतं ते जिथे सुटलं होतं तिथून. तीन फेऱ्यांवाली म्हणून. ‘अ आ इ’पासून कोण बसणार पुन्हा, आणि तेही ओळखीच्या वर्गात?

शेवटी गेले ती मे महिन्यात. मुहूर्त वगैरे काही नाही. उकाड्याने पाच वाजताच जाग आली आणि पंख्याकडे बघत पडून राहण्याचा कंटाळा आला.

पहिल्या वीस पायऱ्या छान गेल्या. इतक्या छान, की मी स्वतःलाच म्हटलं, बघ, उगीच घाबरत होतीस. चाळिसाव्या पायरीला कानात ठोके ऐकू यायला लागले. पन्नासला मी चपलेत खडा गेल्याचं नाटक केलं. बूट घातले होते, तरी. एक शाळकरी मुलगा दोन-दोन पायऱ्या टाकत शेजारून गेला, त्याच्या मागे त्याची आजी गेली. पायांत ताकद होती, ते कुरकुरत नव्हते. दम मात्र साफ गेलेला. हे असं उलटं कसं, ते नंतर भाचीने सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्या दुखण्यांवरच तिचा हात बसलाय. “मावशी, व्यायाम थांबला ना, की आधी दम जातो, ताकद मागून. दोन आठवड्यांत रक्तातलं पाणी कमी होतं, म्हणजे प्लाझ्मा. मग हृदयाला एका ठोक्यात तेवढं रक्त ढकलता येत नाही, म्हणून ते ठोके वाढवतं.” म्हणजे मी कोजागिरीचं दूध आटवत होते तेव्हा इकडे हे आटलेलं होतं. शरीरही महिनाअखेरीची वाट न बघता खाडे कापतं तर. “पण,” ती म्हणाली, “एकदा कमावलेला स्नायू सगळं विसरत नाही. व्यायामाने त्याच्यात जी जास्तीची केंद्रकं येतात ती स्नायू बारीक झाला तरी टिकून राहतात, असं उंदरांत दिसलंय. म्हणून दुसऱ्यांदा लवकर जमतं.” उंदरांचा मला एवढा आधार यापूर्वी कधी वाटला नव्हता.

वर पोचले. काका होते. तोच नॅपकिन, तीच किल्ल्यांची जुडी. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकलेली, घाम नाकावरून फरशीवर टपटपतोय, आणि तशात मी वाट बघतेय त्या प्रश्नाची. काका सरकले, कठड्यापाशी जागा केली. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. खाली स्वारगेटकडून एसटीचे हॉर्न येत होते.

मग काकाच म्हणाले, “तुम्ही विचारणार, म्हणून मीच सांगतो. डिसेंबरपासून बंद होतं माझं. मोतीबिंदू झाला, मग दुसऱ्या डोळ्याचा, मग म्हटलं आता थंडी जाऊ दे. परवापासून येतोय.”

मी म्हटलं, “मला कुठे माहीत? मीच ऑगस्टपासून आले नाही.”

काकांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, नव्या डोळ्यांनी. “ऑगस्ट? छे. नोव्हेंबरात भेटलो की आपण. तीन फेऱ्या झाल्या होत्या तुमच्या.”

मी वाद घातला नाही. त्यांच्या नोव्हेंबरात मी तीन फेऱ्या केल्या असतील तर त्या माझ्या खात्यावर असू देत.

चढून गेल्यावर जिंकलो असं वाटतं, पण पर्वती तिचं देणं उतरताना वसूल करते. वाटेत गुडघ्याच्या वर मांडी थरथरायला लागली, शिवणयंत्राची सुई थरथरते तशी बारीक आणि एकसारखी. माझा दीड पावलाचा हिशेब केव्हाच मोडला होता, मी प्रत्येक पायरीवर अडीच पावलं टाकत, कठड्याला धरून, तिरकी तिरकी खाली आले. पायथ्याशी लोक कारल्याचा रस पीत उभे होते. मला त्या क्षणी कारल्याचा रसही गोड लागला असता.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी. मांड्या अशा भरून आल्या की बसणं आणि उठणं या दोन स्वतंत्र मोहिमा झाल्या. पाटावर बसले ती भाजी निवडून झाल्यावरही तिथेच बसून होते. लेक म्हणाली, “आई, हे लॅक्टिक ॲसिड.” भाचीने फोनवर तेही खोडून काढलं. ते तासाभरात निघून गेलेलं असतं. हे दुखणं उतरण्याचं. उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत पेलत ताणला जातो, त्यात बारीक बारीक इजा होतात, आणि ठणका मारतो दोन-तीन दिवसांनी. “आता लगेच पुन्हा जा हळूहळू. दुसऱ्या खेपेला एवढं दुखत नाही.” चार दिवसांनी गेले. एकच फेरी. खरंच एवढं दुखलं नाही.

त्या महिन्यात कॅलेंडरपाशी मात्र माझी पंचाईत झाली. खाडे लिहावेत तर अख्खा चौकोन फुल्यांचा होणार, ऑक्टोबरसारखा. म्हणून पद्धत बदलली. गेले त्या दिवशी फुली. वरच्या कोपऱ्यातच मारायची होती, पण सकाळी परत आल्यावर हात थरथरत असायचा, फुली पडायची तिथे पडायची. महिनाभरात अकरा झाल्या. भिंतीशी उभी राहून मी त्या दोनदा मोजल्या, आणि जूनचं पान उलटलं.

दोन तारखेला सकाळी सहाला, मी बुटाची नाडी बांधत असताना, बेल वाजली. दारात दूधवाला. हातात पिशव्यांचा क्रेट, चेहरा रडवेला.

“काकू, काल साहेबांनी वीसच दिवसांचे पैसे दिले. अकरा दिवस मी आलोच नाही म्हणतात. कॅलेंडर दाखवलं मला.”