शनिवारचे अकरा ते दोन : अलिबाग परिसरातली आमची वाटचाल

वरसोली, आक्षी, नागाव आणि थळ या पट्ट्यातली, सुट्टीत पाहुण्यांना भाड्याने द्यायची चौदा घरं आज आमच्याकडे सांभाळायला आहेत. मालक बहुतेक मुंबई-पुण्याचे, दोन-तीन परदेशात. घर त्यांचं, पाहुणे पोर्टलवरून किंवा ओळखीतून येणारे, आणि मधलं सगळं आमच्याकडे: दर, बुकिंग, चादरी, गिझर, तरणतलाव, रात्री साडेअकराला आलेला ‘वायफाय चालत नाही’ असा फोन. सुरुवात दोन घरांवर झाली. दोनाची चौदा कशी झाली, याचं उत्तर जाहिरातीत किंवा बुकिंगच्या आकड्यात शोधून सापडणार नाही. शनिवारी सकाळी अकराला निघालेल्या पाहुण्यांचं घर दुपारी दोनला येणाऱ्यांसाठी तयार करायचं, आणि अशी किती घरं एकाच वेळी तयार होऊ शकतात, तेवढीच घरं घ्यायची. या एका हिशेबावर आम्ही थांबत-थांबत वाढलो.

तीन बेडरूमचा बंगला तीन माणसांना अडीच तास घेतो. क्रम ठरलेला आहे. आधी सगळ्या खिडक्या उघडायच्या आणि टॉवेल-चादरी मोजून गोळा करायच्या. मोजणी पाहुणे फाटकातून बाहेर पडायच्या आत व्हायला हवी, नंतर हरवलेल्या टॉवेलचं कुणाशीच बोलता येत नाही. मग बाथरूममध्ये क्लीनर टाकून सोडून द्यायचं, ते मुरेपर्यंत स्वयंपाकघर आणि फ्रिज. त्यानंतर पंख्याच्या पात्यांपासून खाली धूळ, पलंग, आणि लादी सगळ्यात शेवटी. निघताना ठरलेले बावीस फोटो. त्यात गॅसची शेगडी, गिझरचा स्विच आणि प्रत्येक गादीचा एक कोपरा असतोच. डिपॉझिटचा वाद झाला की हेच फोटो कामाला येतात.

समुद्राकाठच्या घरात वाळूची एक वेगळी कटकट आहे. पाहुणे किनाऱ्यावरून थेट बाथरूममध्ये जातात आणि वाळू नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यात, बसते. महिनाभरात पाणी तुंबतं, आणि प्लंबर आला की तोही आधी पाइपच फोडायला निघतो. फाटकाजवळ गुडघ्याच्या उंचीवर एक नळ, खाली खडबडीत फरशी आणि दारात दोन जाड पायपुसणी, एवढ्याने हा त्रास जवळजवळ संपतो. घर ताब्यात घेताना आम्ही हे काम आधी करून घेतो, सजावट नंतर.

दोन घरं असताना धुणं घरच्या मशीनवर निघतं. पाचव्या घराला ते मोडतं. एका बंगल्याचं धुणं तोलून पाहा: पाऊण मीटर बाय दीड मीटरचे ५०० जीएसएमचे (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) दहा टॉवेल म्हणजे साडेपाच किलोंच्या वर, चार डबल चादरी आणि चार पांघरायच्या मिळून सात किलो, वर उशांचे अभ्रे. साधारण साडेतेरा किलो. सहा घरं एकदम रिकामी झाली की ऐंशी किलो. आठ किलोच्या घरगुती मशीनवर याचे दहा-अकरा घाणे होतात आणि एका घाण्याला तास जातो. म्हणून पाचव्या घरानंतर आम्ही नवं घर न घेता पंधरा किलोचं मशीन आणि ड्रायर घेतला. त्या वर्षी नफा दिसला नाही. पण धोब्याकडे कपडे अडकले म्हणून पाहुण्यांना ताटकळत ठेवायची वेळ नंतर आली नाही.

प्रत्येक पलंगामागे तीन संच लागतात: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. जून ते सप्टेंबर चार, कारण हवा इतकी दमट असते की ड्रायरमधून काढलेली चादरही कपाटात गार लागते. रंग पांढराच ठेवायचा, म्हणजे सगळ्या घरांच्या चादरी एकमेकांत चालतात. एक चूक सगळेच करतात: बोअरच्या पाण्यात लोह असलं की पांढऱ्यावर पिवळी झाक येते आणि ती घालवायला क्लोरीनचं ब्लीच ओततात. क्लोरीन त्या लोहाचं ऑक्सिडेशन करून डाग आणखी पक्का करतं. त्यावर ऑक्झॅलिक आम्लाचं गंज काढणारं द्रावण वापरावं, तेही हातमोजे घालून, आणि नंतर कापड भरपूर पाण्यातून काढावं.

आठ-नऊ घरांवर दुसरी भिंत लागते, ती माणसांची. तीन जणांची टोळी तीन तासांत एकच घर करते, मग सहा घरांना अठरा माणसं हवीत. आठवड्यातून एका दिवसासाठी अठरा माणसं कोण ठेवणार? त्यावर आम्ही काढलेला मार्ग असा: शेजारशेजारच्या दोन घरांची जोडी लावायची आणि जोडीची वेळ चेकआउट दहा, चेकइन तीन अशी करायची. पाच तासांत एक टोळी दोन्ही घरं उरकते, फक्त दोन्हींमधलं अंतर स्कूटरवर दहा मिनिटांच्या आत हवं. किहीममधलं चांगलं घर याच कारणासाठी आम्ही दोनदा नाकारलं. शनिवारी कार्लेखिंडीकडून येणाऱ्या गाड्यांची रांग गावात शिरली की दहा मिनिटांचा रस्ता चाळीस मिनिटांचा होतो. दहाच्या चेकआउटवर पाहुणे कुरकुरतात. सामान ठेवायला जागा आणि निघताना पोहे-चहा दिला की बरंच निवळतं.

कामाला येणाऱ्या बायका गावातल्याच आहेत, आणि त्यांचं वर्ष पोर्टलच्या कॅलेंडरवर चालत नाही. गौरी-गणपती आणि शिमगा या दिवसांत कुणीही येणार नाही, येऊही नये. त्या तारखांना आम्ही एक तर घरं बंद ठेवतो किंवा चार रात्रींपेक्षा कमी बुकिंग घेत नाही, म्हणजे मध्ये घर तयार करायची वेळच येत नाही. मजुरी घरामागे ठरलेली, त्याच संध्याकाळी. महिन्यावर ठेवलेली मजुरी हे माणसं सोडून जाण्याचं पहिलं कारण असतं, असं आमचं मत आहे.

दरांबद्दल लोक फार बोलतात, खरं तर मुद्दा रिकाम्या रात्रींचा असतो. महिन्यात शुक्रवार-शनिवार मिळून आठ-नऊ रात्री. त्या कुणाच्याही भरतात. एखाद्याने फक्त शनिवारची रात्र घेतली की शुक्रवार सुटा पडतो आणि तो सहसा कुणी घेत नाही. म्हणून शुक्रवार-शनिवारला दोन रात्रींची अट. ही अट काढायची ती गुरुवारी दुपारनंतर, तोवर रिकाम्या राहिलेल्या घरांपुरतीच. त्यातूनच शनिवारच्या अकरा-दोनची गर्दी तयार होते, म्हणून अट किती घरांची काढायची हे टोळ्या मोजून ठरतं. सफाईचा आकार रात्रीमागे न घेता मुक्कामामागे घ्यावा, कारण खर्च मुक्कामामागेच होतो. तीन पोर्टलांवर घर टाकलं की नुसतं कॅलेंडर जोडून भागत नाही. ते काही तासांनी अद्ययावत होतं, आणि तेवढ्यात एकच रात्र दोघांना विकली जाते. तिथे सगळी पोर्टलं लगेच अद्ययावत करणारं चॅनल मॅनेजर सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं.

मालकाला दर महिन्याच्या दहा तारखेला हिशेब जातो. नमुन्यासाठी एक महिना घेऊ: आठ रात्री १४,००० रुपयांनी आणि तीन रात्री ९,००० रुपयांनी, एकूण १,३९,०००. पोर्टलचे १५ टक्के म्हणजे २०,८५० गेले, उरले १,१८,१५०. त्यावर आमचे २० टक्के २३,६३० आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी ४,२५३. सहा मुक्कामांची सफाई-धुलाई १०,८००, केअरटेकर १४,०००, लाइट बिल ११,०००, तरणतलाव ६,०००, इंटरनेट १,०००, दुरुस्तीची राखीव ३,५००. मालकाच्या हातात ४३,९६७. पहिल्या भेटीत आम्ही हाच कागद पुढे ठेवतो. ‘महिन्याला लाख सुटतील’ ऐकून आलेले मालक तिथेच परत जातात, ते बरंच. आमचं कमिशन पोर्टलचा वाटा वजा करून उरलेल्या रकमेवर आहे की एकूण रकमेवर, हे करारात लिहिलेलं नसेल तर तिसऱ्या महिन्यात भांडण ठरलेलं.

करारात आणखी चार गोष्टी हव्यात: न विचारता करायच्या तातडीच्या दुरुस्तीची मर्यादा (आमची ५,००० रुपये), मालकाच्या स्वतःच्या मुक्कामांची संख्या आणि त्यांचा सफाई खर्च, ३१ डिसेंबर कुणाचा, आणि करार मोडल्यास आधी घेतलेली बुकिंगं कोण पाळणार. पैसे कुणाच्या खात्यात येतात यालाही महत्त्व आहे. सगळं भाडं व्यवस्थापकाच्या खात्यात घेतलं तर ती सारी उलाढाल त्याची दिसू शकते, आणि सेवांसाठीची २० लाखांची जीएसटी नोंदणीची मर्यादा पहिल्याच वर्षी ओलांडली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या निवासावर ५ टक्के, त्याहून महाग निवासावर १८ टक्के जीएसटी आहे. अख्खा बंगला एक एकक धरायचा की खोल्या वेगळ्या, हे सीएला विचारून मगच दर लावावा. परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती (पूर्वीचा सी फॉर्म) २४ तासांत सरकारकडे ऑनलाइन भरायची. कॅमेरे फक्त बाहेर आणि जाहिरातीत सांगून लावायचे. एअरबीएनबीने तर घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर २०२४ मध्ये सरसकट बंदीच घातली.

वीज गेली की पाहुण्यांचा पहिला फोन आम्हाला, महावितरणला नाही. १२ व्होल्ट, १५० एएचच्या इन्व्हर्टरच्या एका बॅटरीत १,८०० वॉट-तास असतात, हाताशी येतात साधारण अकराशे-बाराशे. ७५ वॉटचे चार पंखे, ९ वॉटचे आठ दिवे आणि राउटर मिळून ३८५-३९० वॉट, म्हणजे तीन तास. तेच पंखे २८-३० वॉटचे बीएलडीसी बसवले की भार दोनशेच्या आसपास येतो आणि साडेपाच तास निघतात. नवी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत. इन्व्हर्टरच्या लाइनवर एकही सॉकेट मोकळं ठेवू नका. कुणीतरी १,५०० वॉटची किटली लावतंच.

तरणतलावाचं गणित सोपं आहे, पण ते रोज करावं लागतं. वीस बाय दहा फूट आणि चार फूट खोल तलावात साडेबावीस हजार लिटर पाणी असतं. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग), पीएच ७.२ ते ७.६. ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटची ३५ ग्रॅम भुकटी या पाण्यात १ पीपीएम वाढवते. फिल्टर सहा ते आठ तास चालवायचा आणि प्रेशर स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा आठ-दहा पीएसआय वर गेलं की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा. टीसीसीएच्या (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या) गोळ्या आणि हायपोक्लोराइट एका डब्यात, एका चमच्याने कधीही हाताळू नयेत, दोन्ही मिसळले तर पेट घेतात. केअरटेकरला हे सांगून पुरत नाही, डबे वेगळ्या खोल्यांत ठेवावे लागतात. तसाच नियम गॅस गिझरचा: बाथरूमच्या आत तो नकोच. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि माणूस दगावतो. असा गिझर असलेलं घर तो बाहेर काढेपर्यंत आम्ही घेत नाही.

मे महिन्यात गावात घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी असते, तशी आमचीही. छपराची कौलं, पागोळीचे पन्हाळे, सोलर हीटरचे नटबोल्ट, आणि नारळाची झाडं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, तेव्हापासून छपरावर झुकलेलं झाड कुणी सहजासहजी ठेवत नाही. नारळ उतरवायचं तर वर्षभर दीड-दोन महिन्यांनी लागतं, नाहीतर पाहुण्यांच्या गाडीची काच जाते. शौचालयाची टाकी मेमध्येच उपसून घ्यायची. जुलैत जमिनीतलं पाणी वर आलं की शोषखड्डा पाणी घेत नाही आणि कमोड उलटा भरतो. त्यात पाहुण्यांनी टाकलेले वेट वाइप्स असले तर टँकरवालाही हात जोडतो. प्रत्येक कमोडशेजारी झाकणाचा डबा ठेवला की निम्मं काम होतं.

पावसाळ्यात गेट वेची साधी बोट बंद, समुद्र फार खवळलेला नसेल तर भाऊच्या धक्क्यावरची रो-रो तेवढी चालते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद, म्हणून थाळीच्या यादीवर ‘साठवणीची सुरमई’ असं स्वच्छ लिहावं. रिकाम्या घरात दर तिसऱ्या दिवशी माणूस जायला हवा: एसी ड्राय मोडवर तासभर, कपाटांची दारं उघडी, प्रत्येक नळ दोन मिनिटं सोडलेला. दरवाजे फुगतात, ते पावसात रंधू नयेत, दिवाळीत फट पडते. एसीची जाळी हंगामात पंधरा दिवसांनी धुवायची आणि पाणी जायची नळी फुंकून बघायची. आतून पाणी टपकण्याचं कारण बहुतेक वेळा तीच असते, गॅस नाही. कुलूप बॅटरीवरचं असेल तर बॅटऱ्या गणपतीआधी आणि नाताळाआधी बदलायच्या, आणि एक लोखंडी किल्ली केअरटेकरच्या घरी.

पंधराव्या घराची चौकशी सध्या चालू आहे. घर आक्षीतलं, आमच्या एका घरापासून पायी चार मिनिटांवर. विहिरीचं पाणी मेअखेर खारं होतं का, ते बघून हो म्हणायचं की नाही ते ठरेल.