दुकान चालूच

बाणेरच्या एका ऑफिसात मी गेम टेस्टर आहे. एकच मिशन दिवसभर पुन्हा पुन्हा खेळायचं, बग, म्हणजे गेममधली चूक, सापडला की यादीत टाकायचा, नवं बिल्ड, म्हणजे गेमची सुधारलेली आवृत्ती, आलं की परत पहिल्यापासून. त्या गुरुवारी माझ्या वाट्याला एका गावातलं मिशन होतं. सैनिक शस्त्रं शोधत फिरतोय, किराणा दुकानदाराची बायको दारात आडवी येते. तिची समजूत काढा, नाहीतर गोळी घाला. दोन्ही फाटे तपासायचे, त्यामुळे दुपारपर्यंत मी तिला 19 वेळा मारलं होतं.

विसाव्या वेळी पुढे न जाता मी मागे वळले. ती उंबऱ्यात पडलेली. तिला ओलांडून आत गेले, तर नवरा गल्ल्यावर. "या साहेब, काय देऊ?" तेच हसू. मी पाण्याची बाटली घेतली, त्याने सुट्टे मोजून दिले. माझ्या पोटात कालवलं.

बग टाकला. अर्ध्या तासात बंद होऊन आला: 'डिझाइनप्रमाणे'. मी उठून डिझायनरकडे गेले.

"अगं, खेळणाऱ्याला मोकळीक हवी ना," तो म्हणाला. "आणि नवी वाक्यं रेकॉर्ड करायला आता बजेट नाही."

बजेटचं खरं होतं. मोकळिकीचं मला पटलं नाही. 2009च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2'मध्ये विमानतळावरच्या निःशस्त्र प्रवाशांवर गोळीबाराचं मिशन आहे. गोळ्या झाडा किंवा एकही झाडू नका, कथा तीच राहते. जपानी आवृत्तीत प्रवाशाला मारलं की मिशनच फसतं. एकीकडे निवडीला किंमत नाही, दुसरीकडे निवडच नाही. 'धिस वॉर ऑफ माइन' (2014) मला म्हणूनच जवळचा. बोस्नियाच्या युद्धातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला गेम. त्यात म्हाताऱ्या जोडप्याचं अन्न-औषध चोरलं तर कुणी पकडत नाही, पण घरी परतल्यावर आपलीच माणसं खचत जातात. हे सगळं मी त्याला सांगितलं, जरा आवाज चढवूनच.

"पण वाक्यं नाहीत गं."

"मग 'या साहेब' काढून टाक. हसू काढ. गप्प बसायला रेकॉर्डिंग लागतं का?"

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. बग त्याने स्वतःच पुन्हा उघडला.

मंगळवारच्या बिल्डमध्ये शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले. नवरा पाठ करून उभा. मी गल्ल्यापाशी थांबून राहिले. तो वळला नाही.