पांतानाल, दुसरी खेप: कॅपिबारा बघायला शिकतेय

मंडळी, मागच्या खेपेला पांतानालमधल्या, म्हणजे ब्राझीलच्या अफाट पाणथळ प्रदेशातल्या, पोर्तो जोफ्रेला चार दिवसांत पाच जग्वार दिसले, पण वहीत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या. कुयाबा नदीवर बोटींना वायरलेस असतो. कुणाला जग्वार दिसला की निरोप येतो, सगळे सुसाट निघतात, आणि आपण पोचतो तेव्हा आधीच दहा बोटी लागलेल्या असतात. जग्वार दिसतो, पण शोधलेला दुसऱ्याच कुणीतरी असतो. म्हणून यंदा ठरवून गेले की सकाळचे पहिले तीन तास निरोपामागे धावायचं नाही. नावाड्याला हे आदल्या संध्याकाळीच सांगून टाकलं. तो खूश झाला.

पोकोने गावाहून पोर्तो जोफ्रेला येणारा ट्रान्सपांतानेइरा म्हणजे सुमारे 145 किलोमीटरचा मातीचा रस्ता आणि शंभरावर पूल, त्यातले बरेच मुळात लाकडी. ऑगस्टमध्ये पाणी आटून पुलांखालच्या डबक्यांत गोळा होतं आणि केमन मगरी तिथे एकमेकींना चिकटून पडलेल्या असतात. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

दिवस तिसरा, त्रेस इर्माओस नदी. इंजिन बंद करून सहा कॅपिबारांसमोर (उंदराच्या कुळातलं, पण डुकराएवढं गवत खाणारं जनावर) बसलो. पाऊण तास नुसतं चरणं. एकीच्या पाठीवर पिवळ्या पोटाचा पक्षी, तिला त्याचं काहीच नाही. मग सगळ्यात मोठीचं चावणं थांबलं. तोंडात गवताची काडी तशीच, बाहेर लोंबत राहिलेली. कान ताठ. एकेक करून बाकीच्यांनीही माना त्याच दिशेला वळवल्या, आणि कुत्र्याने घसा खरवडून एकदाच भुंकावं तसा आवाज आला. सहाही पाण्यात.

ताडोबात माकड झाडावरून वाघ बघतं आणि कॉल, म्हणजे धोक्याची हाक, देत राहतं, त्यामुळे आपल्याला दिशा पकडायला वेळ मिळतो. इथे कॅपिबारा गवताच्या उंचीवर. तिचा कॉल ऐकू येतो तेव्हा जनावर जवळ आलेलं असतं. कॉलची वाट बघण्यापेक्षा ते थांबलेलं चावणं टिपायला हवं, हा माझा या खेपेचा सगळ्यात मोठा धडा.

मिनिटाभरात गवतातून मादी जग्वार बाहेर आली. काठाकाठाने चालत पाण्याकडे बघत राहिली, एका ओंडक्यावरून उडी मारली आणि केमन निसटला. ती ओली होऊन वर आली, अंग झटकलं आणि सावलीत बसली. बावन्न मिनिटं आम्ही आणि ती, आणखी कुणी नाही. वहीत चार पानं भरली! एक चूक मात्र झाली. जग्वारच्या दोन कुशींवरची फुलं, म्हणजे ठिपक्यांची नक्षी, वेगवेगळी असतात, ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात. माझ्याकडे फक्त उजवी आहे.

दिवस सहावा, माळरानावरचं एक गुरांचं कुरण. दक्षिणेकडून गार वारं आलं होतं, म्हणून जायंट अँटइटर (मुंग्या-वाळवी खाणारं लांब तोंडाचं मोठं जनावर) दुपारीच बाहेर पडली. तिची नजर अधू, नाक मात्र तिखट. वारा तिच्याकडून आमच्याकडे होता, त्यामुळे हललो नाही तर ती जवळ येऊ शकते हे ठाऊक होतं. पंधरा पावलांवर आली. नखं आत मुडपून मुठींवर चालते, वारुळापाशी थांबून एकाच पंजाने ते फोडते. पाठीवर पिल्लू होतं. त्याचा काळा पट्टा आईच्या पट्ट्याशी असा जुळलेला की दुर्बिणीतूनही ते मला आधी दिसलंच नाही. शेपूट हललं तेव्हा कळलं.

जाणाऱ्यांसाठी एक: यलो फिव्हरची लस निदान दहा दिवस आधी घ्या. दाखला भारतात परतताना दाखवावा लागतो.

सध्या महाकाय पाणमांजरांचे फोटो लावत बसलेय. गळ्यावरचा पांढुरका डाग प्रत्येकाचा वेगळा असतो. सातांच्या कुटुंबातली चार ओळखू येतात. पाचवं फोटोत आहे, पण तोंडात आडवा मासा धरल्यामुळे गळा अर्धा झाकलाय.